पुष्पगुच्छासाठी देशी व हंगामी फुलांची निवड
(पोंभुर्णा व लगतच्या झाडीपट्टीतील शेतकरी बंधू-भगिनींकरिता)

लग्नकार्य, शाळेतील समारंभ, ग्रामपंचायतीतील सत्कार, निरोपाचे प्रसंग इत्यादि वेळी पुष्पगुच्छ देण्याची प्रथा आता शहरापुरती राहिलेली नाही. झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडया भरतात, धानाची कापणी आटोपताच नाटकांचा हंगाम सुरू होतो व तो होळीपर्यंत चालतो. या प्रत्येक प्रसंगी पाहुण्यांचे व कलावंतांचे स्वागत फुलांनीच होते. परंतु त्यासाठी लागणारा गुच्छ बहुधा बाहेरून येतो. नागपूरची बाजारपेठ पोंभुर्ण्यापासून दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. इतका प्रवास करून आलेले फूल समारंभाच्या आधीच मलूल होते, आणि दिलेल्या किमतीचा बराच भाग वाहतुकीत खर्ची पडतो.

ज्या प्रदेशात वर्षाच्या प्रत्येक ऋतूत काही ना काही फुललेले असते, त्या प्रदेशाने फुलांसाठी परगावाकडे पाहावे, हे योग्य नव्हे. मात्र जवळच रान आहे म्हणून रानात जाऊन हवे ते फूल तोडून आणावे, हाही मार्ग नव्हे. या दोहोंतील योग्य मार्ग कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

देशी फूल कोणते?

आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लावले जाणारे प्रत्येक फूल मूळचे देशी असतेच असे नाही. झेंडू व निशिगंध ही मूळची मेक्सिकोकडील, शेवंती चीनकडील, तर जरबेरा दक्षिण आफ्रिकेतील. यांपैकी झेंडू दसऱ्याच्या तोरणात इतका रुळला आहे की त्याला परका म्हणवत नाही. घरचा झेंडू गुच्छात वापरण्यास काहीच हरकत नाही. परंतु जरबेरासारख्या फुलांना आच्छादित गृह, ठिबक संच व शीतवाहतूक लागते. कोरडवाहू धानशेती करणाऱ्या लहान शेतकऱ्यास तो भांडवली खर्च झेपण्यासारखा नाही.

याउलट कमळ, कुर्डू, कोरांटी, अबोली, कुंद, मोगरा, पळस, बहावा ही फुले याच हवेत वाढणारी आहेत. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जातो आणि पावसाळ्यात धुऱ्याला धुरा लागून पाणी साचते. ही दोन्ही टोके सोसणाऱ्या झाडांना औषधपाण्याचा खर्च कमी लागतो, हा त्यांचा पहिला गुण होय.

फूल तोडण्याची वेळ व रानातील धोका

गुच्छाचे फूल पहाटे किंवा सूर्य वर येण्यापूर्वी तोडावे लागते. त्या वेळी देठात पाण्याचा अंश भरपूर असतो व फूल अधिक काळ टिकते. दुपारी तोडलेले फूल पाण्यात ठेवूनही नीट सावरत नाही. हा नियम बहुतेक फुलांना लागू आहे.

परंतु चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या रानात पहाटेची वेळ हीच सर्वांत धोक्याची असते. मोहफुले वेचण्यास वा तेंदूपाने तोडण्यास पहाटे गेलेल्या स्त्री-पुरुषांवर वाघाने हल्ला केल्याच्या घटना या भागात वारंवार घडल्या आहेत. वाकून वेचणारा माणूस वन्य प्राण्यास चटकन ओळखू येत नाही. मोहफूल हे अनेक घरांच्या निर्वाहाचे साधन असल्याने लोकांना तो धोका पत्करावा लागतो. एका गुच्छासाठी तो पत्करणे मुळीच शहाणपणाचे नाही.

सबब, गुच्छाचा व्यवसाय करू इच्छिणाऱ्याने पहिला निर्णय असा घ्यावा की, जे फूल नियमित लागणार आहे ते घराच्या परसात, धानाच्या धुऱ्यावर किंवा शेतबोडीच्या काठी लावले जाईल. रानातील फूल केवळ प्रसंगविशेषी, दिवसाउजेडी, सोबतीने व गावाच्या संमतीनेच आणले जाईल.

हंगामवार निवड

पावसाळा (जून ते सप्टेंबर) : या काळात मामा तलावांत कमळ व पोयणी (कुमुद) फुलतात. कमळाची कळी टपोरी झालेली, परंतु पाकळ्या सुटलेल्या नाहीत, अशी असताना लांब देठासह तोडावी. कळी लहान असताना तोडल्यास ती उमलत नाही, तशीच काळवंडते. समारंभाच्या थोडे आधी बाहेरच्या पाकळ्या हलक्या हाताने आत दुमडल्यास फूल भरदार दिसते. तलाव मासेमारी संस्थेकडे ठेक्याने असल्यास तिची परवानगी अगोदर घ्यावी व कंद उपटू नयेत. तेरडा परसात जूनमध्ये पेरल्यास साधारण दोन महिन्यांत फुलतो. परंतु त्याचे देठ पाणीदार असल्याने तो गुच्छात टिकत नाही, परडी सजविण्यास चालतो. रोवणीच्या दिवसांत घरातील सर्व हात शेतात गुंतलेले असतात. म्हणून जुलै महिन्यात मोठ्या मागण्या स्वीकारू नयेत.

शरद व हिवाळा (ऑक्टोबर ते जानेवारी) : गुच्छासाठी हा वर्षातील सर्वांत सोयीचा काळ होय. सोयाबीन, तूर व पडीत जमिनीत उगवणारा कुर्डू शेतकरी तण म्हणून उपटून टाकतात. त्याचे गुलाबी-पांढरे तुरे गुच्छात उत्तम दिसतात व वाळल्यावरही आकार सोडत नाहीत. तुऱ्यात काळे, चकाकणारे बी धरण्यापूर्वीच ते कापावेत. त्यामुळे फूल मिळते व पुढील वर्षाचे तणही कमी होते. नदीकाठी व नाल्यांच्या काठी फुलणारे कासाचे तुरे नुकते बाहेर पडत असतानाच घ्यावेत. पूर्ण फुलल्यावर त्यांचा कापूस उडून कपड्यांस चिकटतो. परसात लावण्यास पिवळी व निळी कोरांटी आणि पांढरा कुंद हे या हंगामात योग्य आहेत. कुंपणाला लावलेल्या शतावरीच्या नाजूक हिरव्या फांद्यांनी गुच्छ भरून येतो. काटे मात्र काढून घ्यावेत.

वसंत (फेब्रुवारी व मार्च) : पळस, काटेसावर, पांगारा, गणेर व धायटी या काळात रान उजळून टाकतात. यांपैकी पळस व सावर यांची फुले जड असून तोडल्यानंतर लवकर गळतात. ती उंच गुच्छात न घालता पसरट भांड्यातील पाण्यावर किंवा परडीत मांडावीत, व त्यासाठी झाडाखाली पडलेली ताजी फुलेच वेचावीत. फांदी मोडल्यास फुलांबरोबर पुढचे बी व पाने दोन्ही जातात. मोहाची फांदी तर कोणत्याही कारणाने तोडू नये. ते फूल शोभेचे नसून अन्नाचे व रोजीचे आहे.

उन्हाळा (एप्रिल ते जून) : लग्नसराईत बहावा व ताम्हण फुललेले असतात. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प होय. बहाव्याचा घोस खालची एक तृतीयांश फुले उमलली असताना तोडावा. पूर्ण उमललेला घोस एका दिवसात झडू लागतो. या झाडांची रोपे बांधावर, शाळेच्या आवारात व गावरस्त्याच्या कडेने लावल्यास काही वर्षांनी रानाकडे जाण्याची गरज उरणार नाही. या हंगामात खात्रीचे फूल म्हणजे मोगरा. त्याची रोपे सुमारे सव्वा मीटर अंतरावर लावावीत, हिवाळ्यात काही दिवस पाणी तोडून नंतर छाटणी करावी व शेणखत देऊन पाणी सुरू करावे. म्हणजे मार्चपासून कळ्या येऊ लागतात. अबोली पाण्याची सोय असल्यास जवळजवळ वर्षभर फुलते. तिला वास नसला तरी रंग व टिकाऊपणा यांत ती सरस आहे.

कोणती फुले वर्ज्य करावीत?

कळलावीचे फूल पावसाळ्यात ज्वालेसारखे दिसते व मोह पाडते. परंतु तिच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात व बियांत, कोल्चिसिन नावाचे तीव्र विष असते. औषधासाठी तिचे कंद खणून नेले जात असल्याने ती रानातून कमीही होत आहे. या दोन्ही कारणांनी ती गुच्छात घेऊ नये. कण्हेर, पिवळी कण्हेर व धोतरा हीसुद्धा विषारी झाडे आहेत. कण्हेर ठेवलेले पाणीदेखील पिण्यात येता कामा नये. रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास इजा होते. गुच्छ बहुधा घरी जाऊन लहान मुलांच्या किंवा आजाऱ्याच्या उशाशी ठेवला जातो, हे बांधणाऱ्याने विसरू नये.

जलपर्णीचे जांभळे फूल सुंदर असले तरी तिचा तुकडा दुसऱ्या तलावात पडल्यास ती तेथेही पसरते. रायमुनियाचे (घाणेरीचे) बी पक्ष्यांमार्फत सर्वत्र जाते. या दोन्ही परक्या वनस्पतींचा प्रसार आपल्या हातून होऊ नये.

कायदा व गावाची संमती

ताडोबा राष्ट्रीय उद्यान 1955 मध्ये व अंधारी अभयारण्य 1986 मध्ये जाहीर झाले; दोन्ही मिळून 1995 मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. अशा संरक्षित क्षेत्रातून फूल अथवा फांदी आणणे निषिद्ध आहे. अन्य वनांबाबत 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील हक्क मान्य केले आहेत. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले, तेथे ग्रामसभेने स्वतःचे नियम करून वन सांभाळल्याची उदाहरणे याच भागात आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) येथे 2009 मध्ये व पोंभुर्ण्यास लागून असलेल्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव येथे 2012 मध्ये असे हक्क मिळाले, आणि बांबूच्या तोडणीचा कारभार ग्रामसभांनी हाती घेतला. फुलांबाबतही ग्रामसभेत विषय मांडून, कोणते फूल, कोणत्या जागेतून व किती घ्यावयाचे, हे ठरवून घ्यावे. सर्व झाडे एकाच वेळी रिती करू नयेत. मधमाशा, पक्षी व पुढील बियांसाठी बहुतेक फुले झाडावरच राहू द्यावीत.

बांधणी व टिकविण्याची काळजी

तोडणीस जाताना पाण्याची बादली बरोबर न्यावी. देठ धारदार चाकूने तिरपा कापून लगेच पाण्यात ठेवावा. बोथट विळ्याने देठ चेचला जातो व पाणी वर चढत नाही. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत, अन्यथा ती कुजून पाणी नासते. एक लिटर स्वच्छ पाण्यात 20 ग्रॅम साखर व लिंबाच्या रसाचे काही थेंब घातल्यास बहुतेक फुले अधिक काळ ताजी राहतात. हे पाणी रोज बदलावे. बांधण्यापूर्वी फुले दोन-तीन तास गार व अंधाऱ्या जागी ठेवावीत.

गुच्छास प्लास्टिकचा कागद गुंडाळण्याचे कारण नाही. बांबूच्या कामट्यांचा आधार, पळसाच्या पानांचे वेष्टन व अंबाडीची दोरी हे साहित्य येथेच मिळते. पाने ओल्या फडक्याने पुसून घ्यावीत. ज्या फुलांना लांब देठ नाही, त्यांच्यासाठी बुरुडाकडून लहान परड्या करून घ्याव्यात. पाहुणा फुले वाळल्यावरही परडी घरी ठेवतो, व बुरुडालाही काम मिळते. तुळस, मरवा किंवा दवणा यांची एक काडी घातल्यास वास नसलेल्या गुच्छालाही सुगंध येतो.

हिशेब

घरची फुले फुकटची, असे समजून किंमत सांगणे ही नेहमीची चूक होय. तोडणी, बांधणी, कामट्या, परडी, प्रवास व वाया गेलेला माल यांची नोंद वहीत ठेवावी. समजा, दहा गुच्छांस एकूण 350 रुपये खर्च आला. दहाही विकले गेल्यास प्रत्येकी खर्च 35 रुपये पडतो. परंतु सातच विकले गेल्यास तोच खर्च 50 रुपये होतो. म्हणून फूल नाशवंत आहे हे ध्यानात घेऊन आगाऊ मागणीशिवाय जास्त गुच्छ बांधू नयेत. शाळा, पंचायत व नाटक मंडळ्यांचे कार्यक्रम आधी विचारून घ्यावेत. बचतगटातील भगिनींनी एकीने कुंद, दुसरीने अबोली, तिसरीने कोरांटी अशी वाटणी करून लागवड केल्यास कोणा एकीवर सर्व हंगामाचा भार पडत नाही.

सारांश

1. नियमित लागणारे फूल परसात व धुऱ्यावर लावावे. त्यासाठी पहाटे रानात जाऊ नये.
2. ज्या ऋतूत जे फुलते तेच गुच्छात घ्यावे. बिनहंगामी फुलाचा आग्रह धरू नये.
3. पळस, सावर यांची पडलेली फुले वेचावीत. मोहाची फांदी मुळीच तोडू नये.
4. कळलावी, कण्हेर, धोतरा व रुई वर्ज्य करावीत.
5. रानातील फुलांबाबत ग्रामसभेची संमती घ्यावी.
6. वाया जाणारा माल धरूनच किंमत ठरवावी.

एका मृगात कोरांटीची दहा कलमे, कुंदाचे दोन वेल व बांधावर बहाव्याचे एक रोप, एवढ्यावर प्रारंभ करता येतो. अधिक माहितीसाठी नजीकच्या कृषि कार्यालयाशी किंवा सिंदेवाही येथील कृषि विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.