‘व्हिटॅमिन’ म्हणून हातावर ठेवलेली गोळी

हायडी क्रीगर सोळा वर्षांची होती, तेव्हा पूर्व बर्लिनच्या डायनामो क्लबमध्ये तिला निळ्या गोळ्या मिळू लागल्या. जीवनसत्त्वं आहेत, असं प्रशिक्षकांनी सांगितलं आणि गोळाफेक करणाऱ्या त्या मुलीने विश्वास ठेवला. त्या गोळ्या ओरल-ट्युरिनाबोल या स्टेरॉइडच्या होत्या. १९८६ मध्ये स्टुटगार्टला तिने युरोपीय स्पर्धेचं सुवर्णपदक जिंकलं, पण तोवर आवाज घोगरा झाला होता, अंगावर केस वाढले होते. पुढे १९९७ मध्ये लिंगबदल शस्त्रक्रिया करून ती आंद्रेआस क्रीगर झाली. आपण कोण आहोत हे आपलं आपण ठरवायचं होतं, ती संधीच गोळ्यांनी हिरावून घेतली, असं आंद्रेआस सांगत आले आहेत. पूर्व जर्मनीचे क्रीडाप्रमुख मान्फ्रेड एवाल्ड अशा डोपिंगप्रकरणी २००० साली न्यायालयात दोषी ठरले, मात्र शिक्षा निलंबित राहिली. तुरुंग त्यांनी पाहिला नाही.

क्रीगर यांचा अनुभव टोकाचा खरा, पण सुरुवात ओळखीची आहे. विश्वासातलं माणूस काहीतरी हातावर ठेवतं आणि खेळाडू विचारत नाही.

कॅनडाचा धावपटू बेन जॉन्सनला मात्र ठाऊक होतं. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये तो शंभर मीटर ९.७९ सेकंदांत धावला, स्टॅनोझोलॉल हे स्टेरॉइड सापडलं आणि तीन दिवसांत पदक गेलं. नंतर कॅनडाच्या चौकशी आयोगासमोर त्याने आणि त्याचा प्रशिक्षक चार्ली फ्रान्सिसने वर्षानुवर्षांचा प्रकार उघड केला. तिथेही औषध आणून देणारे प्रशिक्षक आणि डॉक्टरच होते. जगाच्या लक्षात राहिलं ते फक्त जॉन्सनचं नाव.

आपल्याकडे २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत महिलांच्या चार बाय चारशे मीटर रिले संघाने सुवर्ण जिंकून देशाला नाचवलं. पुढच्याच वर्षी त्या चौघींपैकी तिघी, अश्विनी अक्कुंजी, मनदीप कौर आणि सिनी जोस, स्टेरॉइडच्या चाचणीत अडकल्या. प्रशिक्षकांनी दिलेल्या जिन्सेंगमधून हे आलं, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रशिक्षकांना काढून टाकलं गेलं, तरी मुलींची बंदी टळली नाही.

महाराष्ट्राला सर्वात जिव्हारी लागलं ते नरसिंग यादवचं प्रकरण. सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला हा मल्ल २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या वाटेवर असताना त्याच्या नमुन्यात मेथँडिएनोन हे स्टेरॉइड सापडलं. खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळलं, हा त्याचा दावा राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने, ‘नाडा’ने, मान्य केला, पण क्रीडा लवादाला पुरेसा पुरावा दिसला नाही. कुस्तीच्या आदल्या दिवशी चार वर्षांची बंदी आली. कुणाचं खरं यावर आखाड्यांत आजही वाद होतील. नियम मात्र स्पष्ट आहे: शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. ‘मला माहीत नव्हतं’ म्हटल्याने शिक्षा कधी कमी होते, दोष पुसला जात नाही.

हा नियम कठोर आहे, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत तर तो क्रूर वाटतो. म्हणूनच सावधगिरी आधी हवी.

आणि प्रश्न फक्त बंदीचा नाही, शरीराचाही आहे. बाहेरून स्टेरॉइड मिळू लागलं की मेंदू शरीराला स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं थांबवायला सांगतो. पुरुषांत वृषणं आकसतात, शुक्राणू घटतात, छाती स्त्रीसारखी वाढू शकते. चांगलं कोलेस्टेरॉल उतरतं, हृदयाचा स्नायू जाड होतो, तोंडाने घ्यायच्या अनेक गोळ्या यकृताला इजा करतात. वाढत्या वयात हाडांची टोकं लवकर जुळून उंची कायमची खुंटू शकते. बायकांचा घोगरा झालेला आवाज बहुधा परत येत नाही.

पावडरच्या डब्यावर ‘नैसर्गिक’ लिहिलेलं असलं तरी भरवसा ठेवू नका. कोलोनच्या प्रयोगशाळेने १३ देशांतून घेतलेली ६३४ सप्लिमेंट्स तपासली, तेव्हा ९४ डब्यांत लेबलावर न लिहिलेली संप्रेरकं निघाली. खोकल्याच्या औषधाचंही तसंच. क्रिकेटपटू पृथ्वी शॉवर २०१९ मध्ये आठ महिन्यांची बंदी आली ती स्टेरॉइडमुळे नव्हे, कफ सिरपमध्ये असणाऱ्या टर्ब्युटालिनमुळे.

तेव्हा तालमीत, मैदानावर किंवा जिममध्ये कुणी काही देऊ केलं, तर आधी त्याचं नाव विचारा आणि ते जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे ‘वाडा’च्या, बंदी असलेल्या औषधांच्या यादीत शोधा, ती दर जानेवारीला बदलते. डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांगा की आपण स्पर्धेत उतरतो. बंदी असलेलं औषध खरोखर लागणार असेल, तर परवानगीचा अर्ज शक्यतो औषध सुरू करण्याआधी करा. उघडी राहिलेली बाटली पिऊ नका. आणि ज्यांची ‘सायकल’, म्हणजे स्टेरॉइडचा कोर्स, सुरूच आहे, त्यांनी लाज न बाळगता संप्रेरकतज्ज्ञांना गाठावं, कारण एकाएकी बंद केल्यावर येणारं नैराश्य गंभीर असू शकतं. पालकांनो आणि वस्तादांनो, मुलगा दोन-तीन महिन्यांत एकदम फुगला, पाठ पुरळाने भरली, चिडचिड वाढली, तर कौतुक करण्याआधी त्याला जवळ बसवा आणि तो काय घेतो ते विचारा.