हॅम : कोणते, कसे ठेवावे, किती खावे?

मांसाला मीठ लावून ते टिकवणे आपल्या समाजाला नवे नाही. आपल्या आजी-पणज्या मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ लावून, दोरीवर कडक उन्हात वाळवत. त्या चान्या खडखडीत वाळत आणि नंतर निखाऱ्यावर भाजून किंवा कालवण करूनच खाल्ल्या जात. पातळ पट्टी, पुरते वाळवणे आणि खाण्याआधी विस्तव, या तीन गोष्टींत सुरक्षितता होती.

आज शिक्षण-नोकरीसाठी परदेशी गेलेल्या आपल्या मुलामुलींच्या फ्रिजमध्ये आणि शहरातल्या मॉलमध्ये हॅम दिसते. हॅम म्हणजे डुकराच्या मागच्या मांडीचे मीठ लावून टिकवलेले मांस. पण ‘खारवलेले आहे, मग खराब कशाला होईल?’ हा समज चुकीचा आहे. मीठ मांसातले पाणी ओढून घेते आणि पाण्याशिवाय जंतू वाढत नाहीत. म्हणजे मीठ जंतूंना रोखते. सगळ्यांना मारत नाही.

हॅमचे दोन प्रकार

१. शिजवलेले हॅम : मांस मिठाच्या पाण्यात मुरवून शिजवलेले असते. सँडविचमधले गुलाबी, ओलसर काप ते हेच. यात पाणी भरपूर असते, म्हणून ते दुधासारखेच नाशवंत समजावे.

२. सुके हॅम : इटलीतील पार्मा किंवा स्पेनमधील सेरानो हॅम. अख्खी मांडी मिठात ठेवून नंतर कित्येक महिने हवेत टांगतात. पार्मा हॅमला वर्षाहून अधिक काळ लागतो. हे न शिजवताच पातळ काप करून खातात. अख्खी मांडी थंड, हवेशीर जागी टिकते. मात्र काप केले की त्यांची जागा फ्रिजमध्येच.

धूर दिलेले काही हॅम कच्चेच असते आणि ते शिजवूनच खायचे असते. म्हणून पाकिटावरचा मजकूर नीट वाचावा.

घरी प्रयोग नको

१८९५ साली बेल्जियममधील एलेझेल या गावी अंत्यविधीला आलेल्या वादकांनी जेवणात खारवलेले कच्चे हॅम खाल्ले. अनेक जण आजारी पडले, तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंगेम या शास्त्रज्ञाने त्या हॅममधून बोट्युलिझमचा जंतू शोधून काढला. हवा न पोहोचणाऱ्या जागी हा जंतू वाढतो आणि मज्जातंतू लुळे पाडणारे विष तयार करतो. त्याला रोखण्यासाठी कारखान्यात बहुधा मोजून नायट्राइट घालतात. केवळ मीठ वापरणारे तापमान काटेकोर सांभाळतात. व्हिडिओ पाहून घरी मांडी खारवणे आणि कच्ची खाणे, दोन्ही टाळा. आपल्याकडचे डुकराचे मांस तर पूर्ण शिजवूनच खावे. अर्धवट शिजलेल्या मांसातून पट्टकृमी पोटात जाऊ शकतो.

कसे ठेवावे?

• फ्रिजचे तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असावे.
• शिजवलेल्या हॅमचे पाकीट फोडल्यावर ३ ते ५ दिवसांत संपवावे. पाकिटावरची तारीख न फोडलेल्या पाकिटासाठी असते.
• फ्रिजबाहेर २ तासांहून अधिक ठेवू नये. आपल्या उन्हाळ्यात १ तासच.
• कच्च्या मांसाची सुरी आणि पाट हॅमसाठी वापरू नये.
• काप चिकट झाले, आंबट वास आला किंवा बुरशी दिसली तर फेकून द्यावे. मात्र वास चांगला आहे म्हणजे हॅम निर्धोक आहे, असे नव्हे.

कोणी जपावे?

लिस्टेरिया हा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो. गर्भवतीला त्याची बाधा झाल्यास गर्भपात होऊ शकतो. गर्भवती, ६५ वर्षांवरील व्यक्ती आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांनी शिजवलेले हॅमही पुन्हा वाफ येईपर्यंत तापवूनच खावे.

किती खावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. १०० ग्रॅम सुक्या हॅममध्येच साधारण तेवढे मीठ असते. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ते टाळलेलेच बरे. याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. क्वचित दोन काप खाणे वेगळे. पण मुलांच्या डब्यात ते रोज देऊ नये. प्रथिनांसाठी अंडी, डाळी, ताजे मासे आणि चिकन आहेतच.

लक्षात ठेवा : असे मांस खाल्ल्यानंतर एकाची दोन दिसू लागली, पापण्या जड होऊन मिटू लागल्या, गिळता किंवा बोलता येईना, तर घरगुती उपाय करत बसू नका. तत्काळ मोठे रुग्णालय गाठा आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना सांगा.