डोळा आणि साखर

घड्याळावर काच असते, तशी आपल्या बुबुळावर एक नितळ काच असते. ऊसतोड सुरू झाली, की शिरोळ, हातकणंगले, करवीरच्या शिवारात मोळी बांधताना पाल्याची पात डोळ्याला लागते. पातीची कड करवतीसारखी असते. काचेवर ओरखडा उठतो. पाल्यावरची बुरशी त्यात शिरली, की जखम पिकते. डोळा लाल होतो, उजेड सोसत नाही, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो.

दोघांना सारखीच पात लागली. एकाचा डोळा बरा झाला, दुसऱ्याचा चिघळला. असे का? दुसऱ्याला मधुमेह होता. रक्तात साखर वाढली, की जखम लवकर भरत नाही. शिवाय बुबुळाच्या नसा बोथट होतात, दुखणे फारसे कळतच नाही. मग आपण म्हणतो, "काय न्हाई, उद्या जाईल." तोवर डोळ्यात फूल पडते.

डोळ्यात दूध, मध घालू नये. दुकानातून मागून आणलेले थेंब तर नकोतच. त्यांत स्टेरॉइड असले, तर लाली उतरते आणि आत बुरशी फोफावते. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. कोल्हापुरात सीपीआर हा सरकारी दवाखाना आहे. तिथे आपण होऊन सांगावे, "डॉक्टर, रक्तातली साखरही बघा."