बायोप्सीचा ब्लॉक जपा, दुसऱ्यांदा तपासणीचा खर्च टाळा

बोरिवलीत बायोप्सी, अंधेरीच्या लॅबमध्ये जनुकांची तपासणी आणि उपचारांसाठी परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय. मुंबईच्या उपनगरांतल्या अनेक घरांना कर्करोगात हीच वाट चालावी लागते. प्रत्येक ठिकाणी "ही तपासणी पुन्हा करावी लागेल" असं ऐकावं लागू शकतं. राष्ट्रीय कॅन्सर ग्रिड २०१२पासून देशभरच्या रुग्णालयांना समान मार्गदर्शक सूत्रांवर आणत आहे. पण लॅबसाठी एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता ऐच्छिक आहे. म्हणून खबरदारी घरच्यांनीच घ्यायची.

खर्च किती?
खासगी लॅबचे हे ढोबळ आकडे. दर लॅबगणिक बदलतात, म्हणून आधी फोन करून विचारा.
- स्तनाचा कर्करोग, ईआर-पीआर-हर२ : ३ ते ६ हजार रुपये
- हर२चा निकाल २+ आल्यास फिश तपासणी : ८ ते १५ हजार
- फुप्फुसाचा कर्करोग, फक्त ईजीएफआर : ५ ते १० हजार
- बीआरसीए : १२ ते २५ हजार
- अनेक जनुकांचं एनजीएस पॅनेल : २० हजारांपासून, मोठं पॅनेल लाखाच्याही पुढे

फुप्फुसाच्या अॅडिनोकार्सिनोमात ईजीएफआर, एएलके आणि आरओएस१ ही तिन्ही जनुकं पाहावी लागतात. एकेक करत गेलं तर पैसे जातात आणि बायोप्सीचा तुकडाही संपतो. छोटं पॅनेल स्वस्त पडेल का, हे डॉक्टरांना विचारा. सर्वांत मोठ्या पॅनेलचा आग्रह मात्र धरू नका. "या निकालानं माझं औषध बदलेल का?" याचं उत्तर 'हो' असेल, तरच पैसे भरा.

तपासणी वाया का जाते?
काढलेला तुकडा तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवा. हर२साठी तो त्यात किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास राहावा. हाडाचा तुकडा तीव्र आम्लात मऊ केला, तर त्यातला डीएनए खराब होतो. रविवारी लॅब बंद असू शकते. म्हणून शनिवारी संध्याकाळी बायोप्सी असेल, तर नमुना लॅबला कधी पोचणार हे विचारून ठेवा.

पैसे भरण्यापूर्वी
१. बायोप्सीच्या आधीच सांगा, "पुढे जनुक तपासणी लागू शकते, तुकडा पुरेसा घ्या."
२. लॅबला मान्यता आहे का एवढंच नको. *या तपासणीसाठी* आहे का, ते पाहा.
३. नमुना अपुरा निघाला तर पैसे परत मिळणार का, हे लेखी घ्या.
४. रिपोर्टवर तपासणीची पद्धत आणि नमुन्यातल्या कर्करोगपेशींचं प्रमाण लिहिलेलं असावं.
५. ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा, त्याला ऊन लागू देऊ नका. कुठेही देताना पोच घ्या.

टाटामध्ये बाहेरचे ब्लॉक-स्लाइड पुन्हा तपासले जातात. म्हणून मुलुंड-घाटकोपरहून परळ किंवा बोरिवली-अंधेरीहून प्रभादेवी स्थानक गाठताना पिशवीत ते हवेतच, नुसता रिपोर्ट पुरत नाही.

मदत कुठे?
रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमची तपासणी बसते का, हे योजनेच्या मदतनीसाला म्हणजे आरोग्यमित्राला विचारा. काही तपासण्यांचा खर्च औषध कंपन्यांच्या साहाय्य योजनेतून होतो, त्याची माहिती डॉक्टरांकडे असते.

आजारात पैसा आणि वेळ दोन्ही कमी असतात. पहिल्या तुकड्याची नीट काळजी घेतली, तर रुग्णाला दुसऱ्यांदा सुई टोचून घ्यावी लागण्याची शक्यता कमी होते. ती वेदना वाचवणं बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.