हजार वर्षांचें राज्य आणि आपलें आजचें काम

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या शास्त्राच्या तासास घडलेली एक गोष्ट सांगून ह्या लेखास आरंभ करितों. इंदापूर तालुक्यांतील अंथुर्णे गांवाहून येणारा एक मुलगा त्या दिवशीं एक छापील पत्रक घेऊन आला. प्रभु येशू ख्रिस्त अमुक वर्षीं परत येणार, त्यापूर्वीं अमुक लढाया होणार, आणि मग पृथ्वीवर हजार वर्षें त्याचें राज्य चालणार, असें त्यांत आंकडे मांडून दाखविलें होतें. मुलानें विचारिलें, “सर, हें खरें असेल तर आम्ही परीक्षेचा अभ्यास कशासाठीं करावा?” प्रश्न सरळ होता, उत्तर मात्र आम्हीं सरळ दिलें नाहीं. पत्रक वर धरून त्यांतील बेरजा-वजाबाक्यांची आम्हीं थट्टा केली, वर्ग हंसला, आणि तास संपला. तें पत्रक मुलास त्याच्या आजोबांनीं दिलें होतें, हें आम्हांस मागाहून कळलें. पुढील दोन आठवडे तो मुलगा मागच्या बांकावर मान खालीं घालून बसे. आम्हीं पुढें काय केलें तें लेखाच्या शेवटीं येईल. परंतु त्या प्रश्नास जें उत्तर त्याच दिवशीं द्यावयास हवें होतें, तें आज येथें देत आहों. ह्या अंकाचे सर्वच वाचक ख्रिस्ती नाहींत हें आम्ही जाणतों. तथापि जगाचा शेवट आणि आजचें काम ह्यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न सर्वांचाच आहे.

प्रथम मूळ वचन काय आहे तें पाहूं. हजार वर्षांच्या राज्याची गोष्ट नव्या करारांतील प्रकटीकरण ह्या शेवटच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायांत आली आहे. पात्म बेटावर योहानास झालेल्या दर्शनांचें हें पुस्तक. त्या अध्यायांत एक देवदूत सैतानास सांखळीनें बांधून अगाधकूपांत टाकितो; येशूच्या साक्षीसाठीं ज्यांचा शिरच्छेद झाला ते जिवंत होऊन ख्रिस्ताबरोबर हजार वर्षें राज्य करितात; नंतर सैतान थोडा वेळ सुटतो, त्याचा पराभव होतो, आणि शेवटीं मृतांचा न्याय होतो. दुसऱ्या वचनापासून सातव्या वचनापर्यंत ‘हजार वर्षें’ हे शब्द सहा वेळां आले आहेत. ह्या राज्याची अशी मुदत बायबलांत अन्यत्र सांगितलेली नाहीं. एवढ्या थोड्या वचनांवर इतके मतभेद कां झाले? कारण हें पुस्तक दर्शनांचें आहे. कोंकरा, श्वापद, सात शिक्के, सांखळी, हजार वर्षें, ह्यांतील कोणतें अक्षरशः घ्यावें आणि कोणतें चिन्ह समजावें, ह्याचा निर्णय वाचणारास करावा लागतो. त्या निर्णयावरून तीन मुख्य मतें झालीं आहेत.

पहिलें मत असें कीं, ख्रिस्त आधीं येईल आणि त्याचें हजार वर्षांचें राज्य त्यानंतर ह्या पृथ्वीवर सुरू होईल. दुसऱ्या शतकांतील जस्टिन मार्टिर आणि इरेनियस ह्यांचें हेंच मत होतें. त्या काळीं रोमी सत्तेखालीं ख्रिस्ती लोकांचा छळ होत असे. ज्या पृथ्वीवर आपलें रक्त सांडलें त्याच पृथ्वीवर देव आपणांस न्याय देईल, ही आशा त्यांस बळ देई. परंतु एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जस्टिननें आपलें मत ठामपणें मांडितांना असेंही नमूद केलें आहे कीं, शुद्ध भक्तीचे पुष्कळ ख्रिस्ती लोक ह्याहून निराळें मानितात. एकोणिसाव्या शतकांत जॉन नेल्सन डार्बी (१८००–१८८२) ह्यांनीं ह्या मतास नवें रूप दिलें. विश्वासणारे आधीं आकाशांत उचलले जातील, मग मोठें संकट येईल, मग राज्य, असा क्रम त्यांनीं लाविला. आणि १९०९ सालीं निघालेल्या स्कोफील्ड ह्यांच्या टीपांसह बायबलानें तो जगभर पसरविला. आज हातोहातीं फिरणारीं बहुतेक पत्रकें ह्याच परंपरेंतील असतात.

दुसरें मत ह्याच्या उलट आहे. सुवार्तेचा प्रसार होत होत जगांत नीति, ज्ञान व शांति ह्यांचा दीर्घ काळ येईल, आणि त्याच्या अखेरीस ख्रिस्त येईल, असें तें मानितें. अठराव्या शतकांतील अमेरिकन धर्मपंडित जॉनथन एडवर्ड्स ह्यांनीं हें मत मांडिलें, आणि पुढील पिढीच्या अमेरिकन मंडळ्यांत तें प्रबळ होतें. १८१३ सालीं मुंबईस आलेले गॉर्डन हॉल आणि त्यांचे सहकारी सॅम्युएल न्यूएल हे त्याच पिढीचे. त्या दोघांनीं जगांतील साठ कोटि लोकांपर्यंत सुवार्ता पोंचविण्याविषयीं लिहिलेलें पुस्तक १८१८ सालीं अमेरिकेंत छापलें गेलें. त्यांनीं नुसती वाट पाहिली नाहीं. हिशेब मांडिला तोही कामाचा, तारखेचा नव्हे.

तिसरें मत संत ऑगस्टीन ह्यांच्या नांवाशीं जोडलेलें आहे. तरुणपणीं तेही पहिल्या मताकडे झुकलेले होते. पुढें ‘देवाचें नगर’ ह्या ग्रंथाच्या विसाव्या भागांत त्यांनीं असा अर्थ केला कीं, हजार हा पूर्णतेचा आंकडा आहे. ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यापासून दुसऱ्या येण्यापर्यंतचा मंडळीचा सर्व काळ म्हणजेच हीं हजार वर्षें. सुधारणेच्या काळीं लूथर व कॅल्विन हेही बहुतांशीं ह्याच वाटेनें गेले. १५३० सालच्या आउग्सबुर्ग येथील विश्वासपत्रिकेच्या सतराव्या कलमांत, पुनरुत्थानापूर्वीं धार्मिक लोक जगाचें राज्य हातीं घेतील, ही कल्पना नाकारिली आहे. रोमन कॅथोलिक मंडळीनेंही १९४४ सालीं ठरविलें कीं, ख्रिस्त दृश्य रूपानें पृथ्वीवर येऊन राज्य करील हें मत सौम्य रूपांतही निर्धास्तपणें शिकवितां येत नाहीं.

प्रत्येक मताचा एक गुण आहे आणि एक धोकाही आहे. पहिलें मत दुःखितांस धीर देतें. परंतु त्यास तारखा काढण्याचा मोह लवकर होतो. विल्यम मिलर ह्या अमेरिकन शेतकऱ्यानें दानिएलाच्या पुस्तकावरून गणित केलें, आणि त्याच्या अनुयायांनीं २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस नक्की केला. कित्येकांनीं शेतांतील पीक तसेंच राहूं दिलें. तो दिवस आला आणि गेला, आणि हजारों भाविक माणसें रडत घरीं परतलीं. दुसरें मत हातांस काम देतें. परंतु आपल्या देशाची भरभराट म्हणजेच देवाचें राज्य, असा भ्रम त्यांतून होऊं शकतो. १९१४ च्या महायुद्धांत ख्रिस्ती म्हणविणारीं राष्ट्रेंच एकमेकांवर तुटून पडलीं, तेव्हां तो भ्रम पुष्कळांचा उतरला. तिसरें मत मनास स्थिर ठेवितें. परंतु सर्व कांहीं चिन्हच आहे असें म्हणतां म्हणतां प्रभूची वाट पाहणेंच विसरून जाण्याचा संभव असतो.

हीं मतें परदेशांतील असून आपल्या भागाशीं त्यांचा संबंध नाहीं, असें कोणी समजूं नये. विसाव्या शतकाच्या आरंभीं ऑस्ट्रेलियांतील ‘चर्चेस ऑफ ख्राइस्ट’ ह्या मंडळ्यांनीं बारामती येथें आपलें कार्य सुरू केलें. ह्या मंडळ्या ज्या चळवळींतून निघाल्या तिचे एक पुढारी अलेक्झांडर कॅम्बेल (१७८८–१८६६) होत. १८३० सालीं त्यांनीं काढलेल्या मासिकाचें नांवच ‘मिलेनियल हार्बिंजर’, म्हणजे हजार वर्षांच्या राज्याचा अग्रदूत, असें होतें. पंथभेद मिटून ख्रिस्ती लोक एक होतील, ज्ञान वाढेल, आणि त्या वाटेनें तें राज्य येईल, अशी त्यांची उमेद होती. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धानें अमेरिकेचेच दोन तुकडे होऊं पाहिले. मासिकही १८७० सालीं बंद पडलें. पुढें त्याच चळवळीच्या अमेरिकेंतील एका शाखेंत, ख्रिस्त हजार वर्षांपूर्वीं येणार कीं नाहीं, ह्यावरून १९१५ सालीं मोठा वाद पेटला, आणि कालांतरानें मंडळ्या वेगळ्या झाल्या. जी चळवळ ऐक्यासाठीं निघाली तिच्यांत हजार वर्षांवरून फूट पडावी, ह्याहून विचार करण्याजोगी दुसरी गोष्ट कोणती?

आतां ह्याच्या जवळचें दुसरें उदाहरण पाहा. दौंड तालुक्यांतील केडगांव येथें पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनांत १९०५ च्या जून महिन्यांत मोठें धर्मजागरण झालें. प्रभूचें येणें जवळ आहे, ही भावना तेथें फार उत्कट होती; रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रॅम्स ह्यांच्या १९०६ च्या पुस्तिकेंतही ती दिसते. मग तेथील काम थांबलें काय? मुळींच नाहीं. दुष्काळांतून आणलेल्या मुली तेथें शिकत होत्या, शेती व विणकाम चाललें होतें, छापखाना चालत होता. आणि रमाबाई हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचें मराठी भाषांतर करण्यांत वर्षानुवर्षें गढल्या होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूकडे गेल्या, तोंवर तें काम त्यांनीं सोडलें नाहीं. प्रभु लवकर येणार, असें मानणारी बाई मुलींस अक्षरें जुळवावयास शिकविते. ह्यांत विसंगति आहे असें तिला कधीं वाटलें नाहीं.

मतभेद असतां एकत्र कसें राहावें, ह्याचा धडा मात्र फार जुना आहे. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर मिसर देशांतील आर्सिनोए प्रांतांत हाच वाद माजला होता. आपला भाग जसा नीरेच्या डाव्या कालव्यावर जगतो, तसा तो प्रांत नाईल नदीच्या कालव्यावर जगत असे. तेथील नेपोस नांवाच्या बिशपानें हजार वर्षांचें राज्य अक्षरशः होणार, असें पुस्तक लिहून ठेविलें होतें, आणि त्याच्या मरणानंतर गांवेंच्या गांवें मंडळीपासून वेगळीं होत चाललीं होतीं. तेव्हां अलेक्झांड्रियाचे बिशप दियोनिसियस स्वतः तेथें गेले. त्यांनीं हुकूम सोडला नाहीं. गांवोगांवचे वडील व शिक्षक बोलाविले, नेपोसचें पुस्तक मध्यें ठेविलें, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत तीन दिवस सर्वांबरोबर बसून एकेक मुद्दा तपासला. मृत नेपोसच्या श्रद्धेची व त्याच्या गीतांची त्यांनीं मनापासून प्रशंसा केली. अखेर विरुद्ध बाजूचा पुढारी कोराकिओन ह्यानें सर्वांसमक्ष आपलें मत सोडिलें. दियोनिसियस ह्यांनीं त्या खेडुतांच्या सत्यप्रीतीविषयीं आणि समजूतदारपणाविषयीं जें लिहून ठेविलें, तें युसेबियसच्या इतिहासांत आजही वाचावयास मिळतें. प्रकटीकरणाचें पुस्तक आपल्या बुद्धीपलीकडचें आहे, तरी कळत नाहीं म्हणून आपण तें टाकीत नाहीं, असेंही त्यांनीं नम्रपणें कबूल केलें.

ही हकीकत वाचल्यावर आम्हांस आमची वर्गांतील थट्टा आठवली. एका शनिवारीं एस. टी. नें आम्ही अंथुर्ण्यास गेलों. मुलाचे आजोबा दारांत बाजेवर बसले होते. “सलाम, बाबा,” असें म्हणून आम्हीं त्यांची व मुलाची क्षमा मागितली. आजोबा म्हणाले, “मास्तर, मला काय लागलं न्हाई; पोराला लागलं. पर तुम्ही आलात, झालं.” मग त्या पत्रकावर त्यांचा इतका विश्वास कां, असें आम्हीं विचारिलें. ते थोडा वेळ गप्प राहिले. “माझ्या बापानं दुसऱ्याच्या रानात जन्म काढला, मी बी काढला. त्या पुस्तकात लिवलंय, ज्यांची मुंडकी उडवली तेच राज्य करत्यात. आमच्यासारख्याला राज्यावर बसवीन म्हणणारा दुसरा कोण हाय?”

पदवीसाठीं आम्हीं ह्या अध्यायावरचीं भाष्यें वाचलीं होतीं. परंतु तो अध्याय कोणासाठीं लिहिला आहे, हें त्या दिवशीं आम्हांस कळलें. मग आम्हीं मुलाचा प्रश्न त्यांच्यापुढें ठेविला. ते हंसले. “अभ्यास सोड असं मी कवा म्हणलो? पाटाचं पाणी कवा सुटंल ते आपल्या हातात न्हाई. म्हणून काय सऱ्या मोडक्या ठेवायच्या? पाणी आलं अन् दारं धरायला माणूस नसलं, तर पाणी वाया जातं.”

आम्हांस जें उत्तर वर्गांत सुचलें नाहीं, तें हेंच होय. प्रभूनें स्वतः सांगितलें आहे कीं, तो दिवस व ती घटका पित्यावांचून कोणासही ठाऊक नाहीं. थेस्सलनीका येथील कांहीं लोक कामधंदा सोडून बसले, तेव्हां पौलानें त्यांस स्वस्थपणें काम करून आपली भाकर खाण्याची आज्ञा केली. तिन्ही मतांचे लोक ह्या दोन गोष्टी मान्य करितात. ख्रिस्त परत येईल, तो न्याय करील, आणि त्याच्या राज्यास अंत नाहीं, हेंही तिघे एकाच तोंडानें कबूल करितात. जेथें शास्त्र स्पष्ट बोलतें तेथें आपण ठाम असावें. जेथें तें दर्शनांतून बोलतें तेथें भावाचें म्हणणें ऐकून घ्यावें. आणि जो कोणी तारीख सांगेल त्याची थट्टा करूं नये, परंतु त्याच्या तारखेवर आपलें काम टाकूंही नये.

त्या संध्याकाळीं आजोबांच्या घरीं आम्हीं सर्वांनीं मिळून तो विसावा अध्याय वाचला. आमचें मत ऑगस्टीनकडे झुकतें, आजोबांचें जस्टिनकडे. तीं मतें त्या रात्रीं बदललीं नाहींत. प्रार्थना मात्र एकच झाली. पत्रकांतील वर्ष आतां उलटून गेलें आहे. मुलगा परीक्षा उतरला. आजोबा अद्याप प्रभूची वाट पाहत आहेत. आणि पाण्याची पाळी आली म्हणजे पहांटे उठून दारें धरावयास जात आहेत.