धातूंचे फाटे व स्फटिकांची पाने

शीळफाट्यावरून एक रस्ता कल्याणकडे, एक मुंब्र्याकडे, एक पनवेलकडे व एक महापेकडे जातो. असे असंख्य फाटे सारख्या अंतरावर असून रस्त्यांनी परस्परांस जोडले आहेत, अशी कल्पना करा. फाट्याच्या जागी धातूचे अणू व रस्त्याच्या जागी सेंद्रिय रेणू ठेवले, म्हणजे धातु-सेंद्रिय स्फटिकाचे जाळे सिद्ध होते. मधल्या पोकळीत वायूचे अथवा पाण्याचे रेणू पाहुण्यांसारखे उतरतात.

हे जाळे एकाच पातळीत पसरले, तर अभ्रकाप्रमाणे पानावर पान रचलेला स्फटिक मिळतो. १९९५ साली ओमर याघी यांनी कोबाल्टचा असा स्फटिक प्रसिद्ध केला. पोकळ्या भरलेल्या असता तो ३५० अंश सेल्सिअसपर्यंत टिकला. पुढे २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक याघी, सुसुमू कितागावा व रिचर्ड रॉबसन यांस या जातीच्या पदार्थांसाठीच मिळाले.

कृती अशी : धातूचा क्षार व सेंद्रिय आम्ल योग्य द्रावकात विरघळवून एकत्र करावयाचे व बहुधा तापवावयाचे. वाढ सावकाश झाली तर स्फटिक मोठे होतात; एकदम पुष्कळ बीजे पडली तर ते नॅनोमीटरांत मोजण्याइतके सूक्ष्म राहतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग होय. पान जितके पातळ, तितक्या त्याच्या अधिक पोकळ्या पृष्ठभागी उघड्या राहतात व पाहुण्यांस प्रवेश सुलभ होतो.

परंतु पोकळी मोठी म्हणजे पदार्थ उत्तम, असे नव्हे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या जस्ताच्या एका जाळ्यात अवघ्या दोन ग्रॅमांत फुटबॉलच्या मैदानाएवढे पृष्ठफळ असते. तथापि दमट हवेत त्याचे सांधे तुटतात. आमच्या पावसाळ्यात ते काय कामाचे? २००८ साली ऑस्लो विद्यापीठात तयार झालेले झिर्कोनियमचे जाळे मात्र पाण्यातही टिकते.

हा प्रश्न आम्हांस दूरचा नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवलीच्या औद्योगिक भागातील एक रस्ता रंगद्रव्याने गुलाबी झाला होता. जो रंग रस्त्यावर दिसतो, तोच पावसाबरोबर ओढ्यात उतरतो. पाण्यातील असली द्रव्ये जाळ्यांत धरण्याचे संशोधन पुण्याच्या आयसर संस्थेत झाले आहे. उद्या ते काम पुढे नेणारे हात आमच्याच वर्गातून का निघू नयेत?

आरंभ घरीच करावा. वडील माणसांदेखत गरम पाण्यात विरघळेल तितकी तुरटी विरघळवून दोन पेले भरा. एक न हलविता निवू द्या. दुसरा थंड पाण्यात ठेवून ढवळा. दुसऱ्या दिवशी दोहोंतील खड्यांचा आकार पाहून त्याचे कारण वहीत लिहा.