उन्हाळ कांद्याचं पाणी आणि युरिया: आत्याचा कानमंत्र

बाळा, यंदा उन्हाळ कांद्याची लागण तू स्वतःच्या हिमतीवर करतोयस, म्हणून हे लिहून देते. वहीच्या पहिल्या पानावर चिकटव. पाणी आणि युरिया ही दोन वेगळी कामं समजू नकोस. एक चुकलं की दुसऱ्यावरचा खर्च वाया जातो. आणि फेब्रुवारीत पात किती हिरवीगार होती, हे व्यापारी विचारत नाही. श्रावणात चाळीतून टणक कांदा किती निघाला, ते तो बघतो.

१. लागणीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणी दे, पण हलकी — रोपाने अजून मूळ धरलेलं नसतं, लोंढ्याने ते उघडं पडतं.

२. गोण्या नको मोजूस, नत्र मोज. एकराला साधारण ४० किलो नत्र पुरतं — ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत जेमतेम २१ किलो नत्र असतं, आणि १८:४६ ची ५० किलोची गोणी टाकलीस तर त्यातलं ९ किलोही याच हिशेबात धरायचं. शेणखतही काही रिकाम्या हाताने येत नाही.

३. निम्मं नत्र लागणीला, उरलेलं ३० आणि ४५ दिवसांनी — कोवळ्या रोपाला एकदम सगळं खाता येत नाही, उरलेलं पाण्याबरोबर जातं.

४. पातीवर दव असेल तर युरिया फेकू नकोस, ऊन वर येऊ दे — दाणे पातीच्या बेचक्यात चिकटून पात करपते.

५. युरिया टाकलास की त्याच दिवशी हलकं पाणी दे. वर पडून राहिला तर उन्हात त्याचा अमोनिया होऊन उडतो. आणि वाफा तुडुंब भरलास तर नत्र मुळांच्या खाली उतरतं — कांद्याची मुळं बहुतेक वरच्या वीतभर मातीतच असतात, खाली गेलेलं त्यांना परत वर ओढता येत नाही. आमचं एक ठरलेलं आहे: पाणी धावलं की खत त्याचं बोट धरतं.

६. हे नीट वाच. पात पिवळी दिसली की तुझा हात आधी युरियाकडे जाईल, तो थांबव. आधी मातीत बोट खुपस. चिखल लागला तर ती भूक नाही, मुळं गुदमरली आहेत — साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही आणि जमिनीतलं नत्रही वायू होऊन निघून जातं. अशा वेळी चर काढ, वाफसा येऊ दे, चार दिवस थांब. नवी पात हिरवी निघाली तर गोणी वाचली. पातीवर चंदेरी चट्टे असतील तर ते फुलकिडे. तिथे युरिया दिलास तर कोवळी लुसलुशीत पात करून त्यांनाच जेवायला वाढशील. माती ओलसर, मोकळी आहे आणि तरी जुनी पात शेंड्याकडून पिवळी पडते आहे, तेव्हाच नत्राचा विचार कर. बोटभर ओल बघावी, मग गोणी सोडावी.

७. रात्रीची लाईट असेल तर दारं धरायला एकटा जाऊ नकोस — डोळा लागला की शेवटचा वाफा तळं होतो आणि वरच्या वाफ्यांचा युरियाही तिथेच जमतो. विंचूकाट्याची भीती वेगळीच. बॅटरी आणि बूट घेतल्याशिवाय बांधावर पाय नको.

८. ठिबकवर आधी साधं पाणी, मधे खत, शेवटी पुन्हा साधं पाणी — नळ्या धुतल्या जातात आणि खत मुळांजवळ राहतं.

९. कांदा पोसू लागला की पाण्याची पाळी मोडू नकोस. जमिनीला भेगा पडेपर्यंत थांबून मग भरभरून दिलंस तर कांदा फुटतो, जोडकांदे वाढतात — बाजारात ते वेगळे काढले जातात आणि भाव पडतो.

१०. ४५ दिवसांनंतर युरियाला हात लावू नकोस, शेजाऱ्याची पात कितीही काळीभोर दिसली तरी. उशिराच्या नत्राने पात वाढत राहते आणि मान जाड होते — जाड मान सुकत नाही, तिथूनच सड आत शिरते. पात मिरवते, मान रडवते.

११. काढणीच्या आधी दोन-तीन आठवडे पाणी तोड — ओल्या रानातून काढलेला कांदा चाळीत कोंब काढतो. निम्म्या माना पडल्या की काढायला घे.

१२. काढल्यावर तीन-चार दिवस पातीसकट सुकव, एकाची पात दुसऱ्यावर येईल असा — नागड्या कांद्याला ऊन भाजतं. मग बोट-दोन बोटं मान ठेवून काप.

१३. आणि माझ्यासाठी एवढं कर: दोन वाफ्यांना ४५ दिवसांचा हप्ता देऊ नकोस, त्यांचा कांदा चाळीत वेगळ्या कप्प्यात भर. भरताना वजन लिही, गणपतीच्या आधी काढताना सडका आणि टणक वेगळा तोल — तुझ्या रानाला किती पुरतं, हे तुझ्याच वहीत येईल. पुढच्या लागणीआधी ती वही घेऊन ये, आपण दोघं बसून बघू.